चौदा नंबरच्या डॉक्टरांचं मत

खारूच्या आईने ते काम घेतलं ते केवळ घरबसल्या होतं म्हणून. मुलाखती ऐकायच्या आणि जशाच्या तशा टाइप करायच्या. 'अं', 'म्हणजे', खाकरणं, खुर्चीची करकर, सगळं. कुणी गप्प झालं तर किती सेकंद गप्प झालं तेही लिहायचं. एका संशोधन संस्थेला दम्याच्या आणि फुप्फुसाच्या जुनाट आजारांच्या डॉक्टरांकडून जाणून घ्यायचं होतं, की तुम्ही पेशंटला कोणतं इन्हेलर देता आणि तेच का देता. डॉक्टरांची नावं कापून टाकलेली, प्रत्येकाला नुसता नंबर. ऐकलेलं कुणापाशी बोलायचं नाही, अशा कागदावर तिची सही.

दम्याचे डॉक्टर म्हटल्यावर ती मनातून हरखलीच. तिची मुलगी सहा वर्षांची. जेवताना दोन्ही गालांत घास साठवून बसायची म्हणून घरात सगळे तिला खारू म्हणायचे. खारू वर्षभरापासून सकाळ-संध्याकाळ पावडरचं इन्हेलर घेत होती. कॅप्सूल आत टाकायची, कळ दाबायची, तोंडाने ओढायचं, श्वास धरायचा, मग चूळ भरायची. आता चोवीस डॉक्टर एकामागून एक आपल्या कानात येऊन बोलणार, तेही नंबर न लावता, बाकावर दोन तास न ताटकळता! शिकलेल्या बाईला आणखी काय हवं?

महिन्याभरात शिकलेल्या बाईचं डोकं पार भंजाळून गेलं.

एक नंबर म्हणाले, लहान मुलाला गॅसच्या फवाऱ्याचा पंपच द्यायचा आणि पुढे ते प्लॅस्टिकचं नळकांडं लावायचं, त्यात मूल निवांत श्वास घेतं. दोन नंबर हसलेच. "नळकांडं? घरी नेतात आणि कपाटावर ठेवून देतात. पावडर द्या, मोकळे व्हा." चार नंबरांना पावडर नकोच होती, दमट हवेत तिचे गोळे होतात म्हणे. सहा नंबर म्हणाले, "यंत्र कुठलंही द्या हो, पेशंटला जमलं म्हणजे झालं." मुलाखत घेणाऱ्या बाईंनी विचारलं, जमतंय की नाही हे कोण बघतं? त्यावर सहा नंबर चार सेकंद गप्प. तेवढे तिने लिहिले. नऊ नंबरांच्या एका पेशंट आजोबांनी तर तीन महिने त्या कॅप्सुला पाण्याबरोबर गिळल्या होत्या आणि वर तक्रार केली होती, की औषधाला गुण नाही.

टाइप करता करता ती हसली, आणि लगेच तिला आपल्याच हसण्याची भीती वाटली. आपण काय गिळतोय कुणास ठाऊक.

मग आले तीन नंबर. क्रमाने ते आधी यायला हवे होते, पण फायली कशाही यायच्या. त्यांची मुलाखत दोन तुकड्यांत कापलेली होती. पहिला तुकडा दुसऱ्याच कुणाकडे गेला होता, हिच्याकडे आला तो दुसरा. आवाज असा गोड, की ऐकतानाच छाती मोकळी व्हावी. "सगळे घाई करतात," तीन नंबर सांगत होते. "हिसका मारून ओढलं की औषध घशावर आपटतं. हळू. सावकाश. मनात पाच मोजत ओढायचं. एवढं एक केलं तरी निम्मं काम झालं."

दवाखान्यातल्या नर्सबाईंनी वर्षापूर्वी सांगितलं होतं, जोरात ओढ. घाईघाईत, एक पाय दाराबाहेर ठेवून. आता नर्सबाईंचं खरं मानायचं की डॉक्टरांचं? त्या संध्याकाळपासून खारूची आई समोर बसून बोटं नाचवू लागली. "हळू हं खारू. एक... दोन... तीन..."

"पूर्वी त्यातली गोळी भुर्रर्र वाजायची," खारू म्हणाली. "आता वाजतच नाही."

"नको वाजू दे. शहाणी मुलं आवाज करत नाहीत."

दोन महिने झाले. खारूचा खोकला परत आला. आधी पहाटेचा एखादा, मग जिना चढताना, मग शाळेच्या मैदानावर. धावण्याच्या तासाला ती आता कडेच्या पायरीवर बसून इतरांच्या पाण्याच्या बाटल्या सांभाळायची. खारूला तपासणाऱ्या छातीच्या डॉक्टरांनी मागल्या खेपेला डोस दुप्पट केला होता. "गुरुवारी आणा," ते म्हणाले होते. "फरक नसला तर आणखी वाढवू, जोडीला रोजची एक गोळीही देऊ." खारूच्या आईने त्या औषधांबद्दल जे वाचू नये ते सगळं वाचून काढलं होतं. गुरुवार जवळ येत होता आणि फरक काडीचाही नव्हता.

"आमच्या वेळी वाफ द्यायचे," सासूबाई म्हणाल्या. "पातेलं, टॉवेल, संपलं. हे काय, कळ दाबा, गोळी फोडा!"

"आई, वाफेने दमा जात नाही."

"मग ह्याने गेला का?"

नवरा वर्तमानपत्राआडून म्हणाला, "तू इतक्या डॉक्टरांचं ऐकतेस, त्यातल्या एकाला विचार की."

"ते बोलतात, मी ऐकते. त्यांना ऐकू जात नाही."

"लग्नासारखंच आहे की मग," तो म्हणाला, आणि सासूबाई उगीचच त्याच्यावर डाफरल्या.

मंगळवारी दुपारी चौदा नंबरची फाईल आली. खारू शाळेत, सासूबाई आतल्या खोलीत आडव्या. तिने कानावर हेडफोन चढवले. आधी आला बुडबुड्यांचा आवाज. तिला वाटलं, मागे कुणीतरी नेब्युलायझर घेतंय. पण नेब्युलायझर घरघरतो, हे बुडबुडे सुटे होते. पुब, पुब, थोडं थांबून पुब. हा आवाज आपण कुठेतरी उभ्याने ऐकलाय, कुणाचं तरी दप्तर हातात धरून. कुठे ते मात्र आठवेना.

मग चौदा नंबर म्हणाले, "हां, तर असं बघा," आणि तिचा हात कीबोर्डवरून उचलला गेला.

माशांची टाकी! छातीच्या डॉक्टरांच्या खोलीत खिडकीखाली काचेची टाकी होती, तिच्यात तीन केशरी मासे. तपासायला नाव पुकारलं तरी खारू तिथून हलायची नाही. आणि 'तर असं बघा' म्हटल्याशिवाय डॉक्टरांचं कुठलंच वाक्य सुरू होत नसे.

इथेच थांबायला हवं होतं. कागदावरची सही आठवली. पण कान बंद करायला पापण्या नसतात, आणि हात तर पगारीच होते, ते टाइप करू लागले.

"यंत्र नेहमी मीच निवडतो असं नाही," चौदा नंबर सांगत होते. "कधी कधी घरचे निवडतात. आता माझ्याकडे एक मुलगी आहे, लहान. मी तिला पंप आणि नळकांडंच देणार होतो. ह्या वयात पावडर पुरेशा जोराने ओढता येईल की नाही ह्याची मला शंका असते. पण तिची आई... ती वही घेऊन येते. प्रश्नांना नंबर घातलेले असतात. तिने पावडरचं यंत्र हातात घेतलं आणि फिरवून फिरवून बघितलं. आईचा कल मला दिसला. म्हटलं, एवढी तयारीची बाई आहे, करून घेईल नीट. दिलं."

"मग?" बाईंनी विचारलं.

"मग... मुलगी बरी नाहीये आत्ता."

तिने फाईल बंद केली. तिच्यातली पुढची चौदा मिनिटं ऐकायची तशीच राहिली.

मग उठून तिने कपाटातून गेल्या वर्षीची वही काढली. प्रश्न, नंबर, समास, सगळं होतं. पान उघडलं आणि आपलंच अक्षर तिच्याकडे बघू लागलं. 'डॉक्टरांनी स्वतः पावडरचं निवडलं. मी नळकांड्याबद्दल विचारणार होते, पण त्यांनी पावडरचं पुढे केलं. त्यांना तेच योग्य वाटत असणार. विचारलं नाही.'

ती खाटेच्या कडेवर बसली. पावडरचं यंत्र तिने हातात घेतलं होतं, हे खरं. फिरवून बघितलं होतं, हेही खरं. पण ते का, तर त्याचं झाकण तिला उघडता येत नव्हतं! डॉक्टरांना वाटलं, तिने निवडलं. तिला वाटलं, डॉक्टरांनी. आणि निवडलं कुणीच नव्हतं. एक यंत्र टेबलावरून आपलं आपण चालत तिच्या घरी आलं होतं, आणि वर्षभर तिच्या मुलीच्या तोंडात जात होतं.

बरं, हे डॉक्टरांना सांगायचं कसं? तुमचं बोलणं मी ऐकलं असं सांगायची चोरी. न सांगावं तर गुरुवारी डोस वाढणार. आणि पुरेशा जोराने म्हणजे काय? तीन नंबर तर हळू म्हणाले होते. दोघंही डॉक्टर. दोघांचेही आवाज खात्रीचे. ती दोन दिवस घरात अशी वावरली, की सासूबाईंनी विचारलं, "भांडलात का दोघं?"

गुरुवारी सासूबाईही बरोबर निघाल्या. "मलाही ऐकू देत काय म्हणतात ते," म्हणाल्या.

डॉक्टरांनी खारूच्या छातीला नळी लावली, पाठीला लावली, परत छातीला लावली. "तर असं बघा," ते म्हणाले. ते ऐकून खारूच्या आईच्या कानात हेडफोन घातल्यासारखं झालं. "छातीत शिट्टी येतेय अजून. डोस वाढवावा लागेल." त्यांनी पेन उघडलं.

"डॉक्टर, एक मिनिट." वही मांडीवर होती, पण आज पान कोरं होतं. "ह्या... आमच्या आईंना वाटतं की यंत्र बदलून बघावं."

सासूबाई गर्रकन वळल्या. "मला? मी कधी म्हटलं? मी वाफ म्हटलं."

"म्हणजे, तसंच काहीसं."

"तसंच कसं? वाफ ती वाफ."

डॉक्टरांनी पेन टेबलावर ठेवलं. "पण ते यंत्र तर तुम्हालाच हवं होतं ना?"

"मला नाही! आईचा कल म्हणून तुम्ही..."

"आईचा कल?" डॉक्टर तिच्याकडे बघत राहिले. हे शब्द कुठेतरी ऐकल्यासारखे, पण कुणाच्या तोंडून ते आठवेना, असा चेहरा. टाकीतलं पाणी पुब, पुब करत होतं.

"म्हणजे... त्या दिवशी मी यंत्र हातात घेतलं, म्हणून तुम्हाला वाटलं असेल की माझा कल तिकडे आहे. मला झाकण उघडत नव्हतं."

"झाकण," डॉक्टर म्हणाले.

"झाकण."

"आणि मी समजत होतो..." त्यांनी वाक्य सोडून दिलं. तिने मनात सेकंद मोजले, सवयच लागली होती. सात झाले. मग ते खुर्ची मागे सारून उठले. "ती घेते कशी, बघू. एक शिट्टी आहे माझ्याकडे. ह्या यंत्रासारखीच असते, आत औषध नसतं. पुरेशा जोराने ओढलं की वाजते."

शिट्टी खणात सापडली नाही, कपाटात सापडली नाही. माशांच्या खाण्याच्या डब्यामागे सापडली. नर्सबाईंनी ती धुऊन आणली, वर नवी तोंडनळी लावली आणि खारूच्या हातात दिली.

खारूने आईकडे बघितलं. आईची बोटं नकळत वर गेली. एक, दोन, तीन. खारूने डोळे मिटून हळू, सावकाश, शहाण्या मुलीसारखा श्वास ओढला. शिट्टीतून काहीच आलं नाही.

"अगं, जोरात!" नर्सबाई म्हणाल्या. "मी सांगितलं होतं ना?"

"आई म्हणते हळू."

खोलीतल्या सगळ्या माना खारूच्या आईकडे वळल्या, माशांच्यासुद्धा वळल्या असं तिला वाटलं.

"हळू कुणी सांगितलं तुम्हाला?" डॉक्टरांनी विचारलं.

आता काय सांगायचं? तीन नंबरांनी? "कुठेतरी... ऐकलं होतं."

"हळू हे पंपाचं. गॅसच्या पंपाचं. पावडर जोरात ओढावी लागते, नाहीतर ती यंत्रातच बसून राहते. उलट आहे दोन्हीचं."

उलट. तीन नंबरांच्या पहिल्या तुकड्यात असणार ते, दुसऱ्याच कुणाकडे गेलेल्या तुकड्यात. तिच्या डोळ्यांसमोर दोन महिन्यांच्या सकाळी आणि संध्याकाळी उभ्या राहिल्या, आणि त्या प्रत्येकीत नाचणारी आपली बोटं.

"किती दिवस हळू?"

"दोन महिने." आवाज तिचा तिलाच ऐकू आला नाही. सासूबाईंना आला. त्यांनी सुनेच्या मांडीवरची वही उचलून आपल्या पिशवीत टाकली, जणू त्या वहीचंच काही चुकलं होतं.

"बरं, खारू, आता जोरात," डॉक्टर म्हणाले. खारूने जोर केला, खांदे कानांपर्यंत गेले. पिर्र. बारीकशी. दुसऱ्यांदा काही नाही. तिसऱ्यांदा खोकला. चौथ्यांदा परत पिर्र.

"म्हणजे वाजते की नाही वाजत?" सासूबाईंनी विचारलं.

"कधी वाजते, कधी नाही."

"असं कसं? द्या इकडे." नर्सबाईंनी तोंडनळी बदलून दिली, सासूबाईंनी पदर सावरला आणि अशी ओढली की खिडकीची काच झणझणली. खारू टाळ्या वाजवू लागली. मग डॉक्टरांनीही कसं करायचं ते दाखवायला शिट्टी घेतली. ती वाजली नाही. त्यांनी ओठ पुसले. पुन्हा ओढली. नाहीच.

"तुम्हालाही दमा आहे?" खारूने सहानुभूतीने विचारलं.

"ओठ घट्ट मिटत नाहीत तुम्ही," नर्सबाई भिंतीकडे बघत म्हणाल्या. "दर वेळी."

डॉक्टर हसले, पण कान लाल झाले होते. बसून त्यांनी टेबलावर दोन्ही यंत्रं शेजारीशेजारी ठेवली, गेल्या वर्षीसारखीच. एकीकडे पावडरचं, दुसरीकडे पंप आणि ते नळकांडं. "तर असं बघा. तिला त्रास होतोय तो तुम्ही हळू शिकवलंत म्हणून, की तिला मुळात एवढा जोरच नाही म्हणून, हे मला आज सांगता येणार नाही. दोन्हीही असेल. पण औषध पोचतच नसेल, तर डोस वाढवण्यात अर्थ नाही. आज वाढवत नाही. तुमचं काय मत?"

खारूच्या आईने दोन्ही हात मागे घेतले. काही म्हणता काही उचलायचं नाही. "मला खरंच माहीत नाही, डॉक्टर."

"नक्की मलाही नाही. ह्या वयाला नळकांडं बरं, असं माझं मत आहे. गेल्या वर्षीही होतं."

"मग गेल्या वर्षी बोलला का नाहीत?" ती बोलून गेली. इतक्या मोठ्याने आपण डॉक्टरांशी बोलू शकतो, हे तिला नवीन होतं.

"तुम्ही विचारलं का नाहीत?" ते म्हणाले.

तेवढ्यात टक असा आवाज झाला. मग परत टक. खारूने नळकांडं उचलून तोंडाला लावलं होतं. तिच्या श्वासाबरोबर आतला पातळ पडदा उघडत होता, मिटत होता.

"आई, हे माशासारखं करतं," ती म्हणाली. "मला हे."

"नीट सांग," खारूची आई म्हणाली. "कुठलं? बोटाने दाखव. तू सांगतेयस ना? मी नाही हं सांगत. डॉक्टरही नाही."

"अगं हेच! हातात तर आहे!"

डॉक्टरांनी चिठ्ठी लिहिली. पंप, नळकांडं, डोस दुप्पट करण्याआधीचा तोच. एका दाबाला सहा श्वास, सावकाश, मग चूळ. महिन्याने परत. मध्ये दम लागला तर त्याच दिवशी, नंबर न लावता. नर्सबाईंनी ह्या वेळी दोन्ही पाय दाराच्या आत ठेवून खारूकडून तीनदा करून घेतलं. मग खारूच्या आईकडून. मग, सासूबाईंच्या आग्रहावरून, डॉक्टरांकडूनही.

शुक्रवारी सकाळी तिने चौदा नंबरची फाईल पुन्हा उघडली. राहिलेलं काम करायला तर हवंच होतं. बुडबुडे आले, खुर्चीची करकर आली. बाईंनी विचारलं, "मग त्या मुलीच्या बाबतीत पुढे काय ठरवलंय?"

डॉक्टर गप्प. पुब. पुब. तिने मोजले, अकरा सेकंद. लिहिले.

"खरं सांगू?" चौदा नंबर म्हणाले. "मी डोस वाढवतोय, पण माझं मलाच पटत नाहीये. पुढच्या खेपेला तिच्या आईलाच विचारणार आहे. ती फार बारीक बघते. तिला माहीत असेल काय चुकतंय."

तिने ते जसंच्या तसं टाइप केलं. 'तिला माहीत असेल.' पूर्णविराम दिला, खोडला, परत दिला. हसावं की रडावं, ह्यासाठी नियमावलीत कुठलीच खूण नव्हती.

आतल्या खोलीतून आवाज येत होता. टक, टक. सासूबाई मोजत होत्या आणि खारू श्वास घेत होती. "तीन... चार... सहा."

"आजी, पाच राहिला!"

"राहू दे. घे पुन्हा."

खारूच्या आईने कानावरचे हेडफोन काढले आणि त्या पाचव्या श्वासाची वाट बघत बसली.